टोमॅटोत मर रोगाची प्रतिकारशक्ती आणताना: चाचणीपासून शुद्ध वाणापर्यंत

रोगट शेतात एखादे झाड हिरवेगार उभे दिसले की त्याच्या फळाचे बी राखून ठेवायचे, ही निवडीची सर्वांत जुनी रीत. ती बहुतेक वेळा फसते. ते झाड उभे असलेल्या जागी बुरशी कमी असते, किंवा लागण होण्याच्या दिवसांत जमीन थंड असते, किंवा त्याच्या मुळांना इजा झालेली नसते. असे झाड प्रतिकारक नसते, तडाख्यातून निसटलेले असते. पुढच्या पिढीत ते सगळे हिशोब चुकवते.

रोगप्रतिकारक वाण तयार करताना संकर करणे हा सोपा भाग आहे. कोणते रोप खरोखर प्रतिकारक आणि कोणते नुसते नशीबवान, हे ओळखणे अवघड. म्हणून इथे संकराइतकीच, किंबहुना जास्तच, जागा रोगचाचणीला दिली आहे. उदाहरण टोमॅटोच्या, फ्युजेरियम या बुरशीने होणाऱ्या मर रोगाचे घेतले आहे, कारण त्याची जनुके नीट माहीत आहेत आणि चाचणी कुंडीत करता येते. तर्क मात्र गव्हाच्या तांबेऱ्यापासून भाताच्या करप्यापर्यंत तोच राहतो.

आधी रोग, मग त्याची रेस

टोमॅटो सुकण्याची कारणे अनेक असतात. फ्युजेरियममध्ये खालची पाने आधी पिवळी पडतात, बऱ्याचदा झाडाच्या किंवा पानाच्या एकाच बाजूने, आणि खोड उभे चिरले की सालीखालचे वाहिन्यांचे पट्टे तपकिरी दिसतात. जिवाणूजन्य मर असेल तर झाड न पिवळे पडता हिरवेच कोमेजते, आणि खोडाचा ताजा तुकडा पेलाभर स्वच्छ पाण्यात धरला की काही मिनिटांत दुधट धागे खाली उतरताना दिसतात. ही पेल्याची चाचणी पाच मिनिटांची आहे. ती न करता वर्षभराचे काम चुकीच्या रोगावर खर्ची पडू शकते.

फ्युजेरियम वेगळी करण्यासाठी तपकिरी पट्टे असलेल्या खोडाचे ५ मिलिमीटरचे तुकडे करा, १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये मिनिटभर बुडवा, निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवा आणि बटाटा-डेक्स्ट्रोज-अगार माध्यमावर ठेवा. या माध्यमासाठी लिटरला २०० ग्रॅम बटाट्याचा अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि १५ ते २० ग्रॅम अगार लागते. ते १२१ अंशांवर २० मिनिटे निर्जंतुक करायचे. २५ ते २८ अंश सेल्सिअसला चार-पाच दिवसांत पांढरी, पुढे फिकट जांभळट होत जाणारी वाढ दिसते. त्यातून एकाच बीजाणूपासून वाढवलेली शुद्ध वाढ घ्या. मिश्र वाढीतून दोन रेस (एकाच बुरशीचे, वेगवेगळ्या प्रतिकार जनुकांना ओलांडणारे प्रकार) एकत्र आल्या तर निकालांचा अर्थच लागत नाही.

एक सापळा इथेच आहे. मातीत आणि मुळांवर याच प्रजातीचे निरुपद्रवी प्रकारही राहतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली ते हुबेहूब तसेच दिसतात. म्हणून वेगळी केलेली बुरशी निरोगी रोपांना लावून ती खरोखर रोग करते का, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

टोमॅटोवरच्या या बुरशीच्या तीन रेस ज्ञात आहेत. रेस ओळखायला चार वाण शेजारी-शेजारी लावतात: कोणतेही प्रतिकार जनुक नसलेला (बॉनी बेस्ट हा त्यासाठी नेहमी वापरला जाणारा जुना वाण), फक्त आय नावाचे प्रतिकार जनुक असलेला, आय-२ असलेला आणि आय-३ असलेला. फक्त पहिला मेला तर रेस १. आय असलेलाही मेला, पण आय-२ वाचला तर रेस २. आय-२ सुद्धा गेला आणि आय-३ उभा राहिला तर रेस ३. जी रेस तुमच्या भागात नाही ती चाचणीसाठी बाहेरून आणू नका. या बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात. एकदा शेतात शिरली की ती परत जात नाही.

दाता वाण कुठे शोधायचा

दाता म्हणजे ज्यातून प्रतिकार जनुक घ्यायचे तो वाण. क्रम असा ठेवा: आधी लागवडीतले वाण, मग जुने स्थानिक वाण, शेवटी रानटी नातेवाईक. कारण साधे आहे. दाता जितका दूरचा, तितका नको असलेला माल त्याच्यासोबत जास्त येतो. आय आणि आय-२ ही जनुके मुळात सोलॅनम पिम्पिनेलिफोलियम या बोराएवढ्या फळाच्या रानटी टोमॅटोतून आली, तर आय-३ सोलॅनम पेनेलाय या आणखी दूरच्या नातेवाइकातून. आज ती लागवडीतल्या वाणांत उतरलेली असताना पुन्हा रानातून सुरुवात करणे म्हणजे इतरांनी केलेले बॅकक्रॉस (संकरित झाडाचा मूळ वाणाशी पुन्हा-पुन्हा संकर) स्वतः परत करणे.

पण लागवडीतले सगळे चाळून झाले आणि काहीच हाती आले नाही, तर रानाकडे वळण्यावाचून इलाज नसतो. भाताच्या ग्रासी स्टंट विषाणूसाठी ६,००० हून अधिक नमुने तपासल्यावर प्रतिकार सापडला तो ओरायझा निवारा या रानटी भाताच्या एकाच नमुन्यात. रानटी दाता घेतलाच तर सहसा लागवडीतला वाण मादी ठेवा. सोलॅनम पेनेलायच्या बाबतीत उलट दिशेने केलेला संकर बहुधा फळच धरत नाही.

चाचणी: सगळे काम इथे तोलले जाते

मर रोगासाठी मुळे बुडवण्याची पद्धत भरवशाची आहे. बुरशी बटाटा-डेक्स्ट्रोजच्या द्रव माध्यमात हलवणाऱ्या यंत्रावर चार-पाच दिवस वाढवा आणि दुहेरी मलमलीतून गाळा. बीजाणू हिमोसायटोमीटरवर (सूक्ष्मदर्शकाखाली मोजणीसाठी चौकोन आखलेली काचपट्टी) मोजा. मधल्या मोठ्या चौकोनात आलेला आकडा गुणिले १०,००० म्हणजे मिलीलिटरमधले बीजाणू. समजा, गाळलेले द्रावण दहापट पातळ करून मोजले आणि २५० बीजाणू दिसले. म्हणजे पातळ द्रावणात २५ लाख आणि मूळ द्रावणात अडीच कोटी. आपल्याला हवेत मिलीलिटरला १० लाख, म्हणून मूळ द्रावण २५ पट पातळ करायचे: ४० मिलीलिटर घेऊन पाण्याने १ लिटर करा. अंदाजाने पातळ केले तर या वेळचा निकाल मागच्या निकालाशी जुळवता येत नाही.

रोपे ट्रेमध्ये निर्जंतुक कोकोपीटमध्ये वाढवा. पहिली दोन खरी पाने आली की ती अलगद उपटा, मुळे धुवा, टोकाकडची सुमारे एक तृतीयांश मुळे कात्रीने छाटा आणि उरलेली ५ ते १० मिनिटे द्रावणात बुडवून लगेच ताज्या निर्जंतुक माध्यमात लावा. पहिला दिवस सावलीत ठेवा. नंतर माध्यमाचे तापमान २५ ते २८ अंश राहू द्या. थंडीत केलेली चाचणी सगळ्यांनाच प्रतिकारक ठरवते.

प्रत्येक तुकडीत तीन साक्षीदार हवेतच. एक, बळी पडणारा वाण, लागण केलेला. दोन, खात्रीचा प्रतिकारक वाण, लागण केलेला. तीन, तोच बळी पडणारा वाण, पण मुळे छाटून साध्या पाण्यात बुडवलेला. तिसरा साक्षीदार सर्वांत जास्त वेळा गाळला जातो, आणि त्याच्याशिवाय उपटण्या-छाटण्याच्या धक्क्याने खुरटलेले रोप आणि रोगाने खुरटलेले रोप वेगळे ओळखता येत नाही.

निकाल २१ ते २८ दिवसांनी घ्या. शून्य म्हणजे निरोगी. १ म्हणजे खालच्या पानांवर किंचित पिवळेपणा. २ म्हणजे ठळक पिवळेपणा आणि खोडात तपकिरी पट्टा. ३ म्हणजे कोमेजलेले, खुरटे रोप. ४ म्हणजे मेलेले. वरून निरोगी दिसणाऱ्या रोपांपैकी काहींचे खोड कापून पाहा. तपकिरी पट्टा बीजपत्रांच्या वर चढलेला असेल तर ते रोप प्रतिकारक धरू नका, मग पाने कितीही हिरवी असोत.

आता सर्वांत कडक नियम: बळी पडणाऱ्या साक्षीदाराची किमान ९० टक्के रोपे रोगट झाली नसतील तर ती अख्खी चाचणी रद्द. त्यातली 'चांगली' रोपे निवडायचा मोह होतो, निवडू नका. उलट प्रतिकारक साक्षीदारही कोसळत असेल तर बीजाणू जास्त झाले आहेत, मुळे जास्त छाटली आहेत किंवा बुरशीची रेसच वेगळी आहे. चाचणी हळूहळू सौम्य होत चालली असेल तर बुरशी वारंवार नव्या माध्यमावर हलवल्याने तिचा जोर ओसरला असण्याची शक्यता मोठी. ती रोगट रोपातून पुन्हा वेगळी करा, आणि सुरुवातीलाच मूळ वाढीचा साठा ग्लिसरॉलमध्ये गोठवून किंवा निर्जंतुक गाळण कागदावर वाळवून ठेवा. वापरलेले माध्यम, रोपे, पाणी हे सगळे निर्जंतुक करूनच टाका.

तापमानाचा मुद्दा प्रतिकार जनुकांनाही लागू आहे. टोमॅटोतले मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींविरुद्धचे एमआय जनुक मातीचे तापमान २८ अंशांच्या वर गेले की ढिले पडते. म्हणजे चाचणी ज्या तापमानात केली, तेवढ्यापुरतेच उत्तर मिळाले.

संकर

उद्या-परवा उमलेल अशी कळी निवडा: पाकळ्या फिकट पिवळ्या, नुकत्या विलग होऊ लागलेल्या. पूर्ण पिवळे, उघडे फूल घेतले तर स्वपरागण आधीच झालेले असू शकते. घट्ट हिरवी कळी घेतली तर कुक्षी अजून कोवळी असते आणि फळ धरत नाही. टोकदार चिमट्याने परागकोशांचा शंकू बुडाशी धरून हलकेच ओढून काढा. कुक्षीवृंताला धक्का लागला की कळी गळते. भिंगातून पाहून एकही परागकोश उरला नाही याची खात्री करा. दोन संदले कापून टाका. फळ पिकेपर्यंत ती खूण राहते आणि चिठ्ठी पडली तरी संकरित फळ ओळखू येते.

पराग दाता झाडाच्या त्याच दिवशी उमललेल्या फुलातून घ्या. फूल काचपट्टीवर किंवा लहान झाकणात धरून इलेक्ट्रिक टूथब्रशचा कंप दिला की पिवळी पूड पडते. कळीतले परागकोश काढले त्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी ती कुक्षीला लावा. दोन्ही दिवस लावली तर बी जास्त धरते. दुपारचे तापमान ३५ अंशांकडे जात असेल तर परागच नीट चालत नाही, त्यामुळे हंगाम बघून काम काढा. एका घोसात दोन-तीन कळ्याच घ्या, बाकीच्या खुडा. चिमटा दर वेळी अल्कोहोलने पुसा. दोन दात्यांमधल्या घाईत हे विसरले जाते आणि चूक पुढच्या पिढीतच कळते.

फळ पूर्ण पिकले की गर २४ ते ४८ तास आंबवा, धुवा, बी सावलीत वाळवा. याहून जास्त आंबवले तर बी आतच कोंब टाकते.

दुसरी पिढी मोजून घ्या

पहिल्या संकरित पिढीतील रोपे लागण करून तपासा. सगळी वाचली तर जनुक प्रभावी आहे, म्हणजे त्याची एकच प्रत असली तरी गुण दिसतो. मग स्वपरागणाने दुसरी पिढी घ्या आणि किमान २०० रोपे तपासा. एकच प्रभावी जनुक असेल तर १५० वाचावीत, ५० मरावीत. प्रत्यक्षात १५८ आणि ४२ आली तर? फरकाचा वर्ग भागिले अपेक्षित, दोन्हींची बेरीज: ६४/१५० अधिक ६४/५०, म्हणजे सुमारे १.७. ही बेरीज ३.८४ पेक्षा कमी असेल तर तीनास एक हे प्रमाण नाकारायचे कारण नाही. १३२ आणि ६८ आली असती तर बेरीज ८.६४ झाली असती. तेव्हा आधी चाचणीकडे संशयाने पाहायचे, मग जनुकांकडे.

निकाल दोन स्पष्ट गटांत न पडता शून्यापासून चारपर्यंत सलग पसरला, तर प्रतिकार अनेक लहान जनुकांचा आहे. त्याला खालची बॅकक्रॉसची वाट लागू पडत नाही, त्याविषयी शेवटी.

बॅकक्रॉस

हेतू असा की मूळ वाणाचे (ज्यात प्रतिकार आणायचा आहे त्या लागवडीतल्या वाणाचे) सगळे गुण परत आणायचे आणि दात्याचे फक्त एक जनुक ठेवायचे. पहिल्या संकरात मूळ वाणाचा वाटा ५० टक्के असतो. प्रत्येक बॅकक्रॉसनंतर तो सरासरीने ७५, ८७.५, ९३.७५, ९६.९ आणि ९८.४ टक्क्यांवर जातो. दाता लागवडीतला असेल तर चार बॅकक्रॉस बहुधा पुरतात, रानटी असेल तर सहा धरा. बीपासून बीपर्यंत साधारण चार महिने लागतात, त्यावरून वर्षांचा हिशोब करा.

प्रत्येक पिढीत निम्मी रोपे जनुक घेऊन येतात. निदान एक तरी मिळावे, याची ९९ टक्के खात्री ७ रोपांतही होते. पण एक मिळून भागत नाही. वाचलेल्यांतून मूळ वाणासारखी दिसणारी चार-पाच निवडता यावीत म्हणून ३० ते ४० रोपे तपासा. पहिल्या बॅकक्रॉसला फळे बारीक आली तर घाबरू नका, फळाचा आकार अनेक जनुकांचा असतो आणि हळूच परततो.

मूळ वाण मादी ठेवण्यात एक हुशारी आहे. चुकून स्वपरागण झाले तर मूळ वाणाचेच बी तयार होते, आणि ती रोपे पुढच्या चाचणीत मरून आपोआप गळतात. उलट बॅकक्रॉसचे झाड मादी केले तर स्वपरागणाची रोपे चाचणीत वाचतात, संकरित म्हणून पुढे सरकतात आणि मागे राहिलेला दात्याचा वाटा कुणाच्या लक्षातही येत नाही.

लागण केलेले रोप वाचले तरी अशक्त राहते आणि फुले उशिरा देते. त्यावर उपाय म्हणजे आधी बगलफूट काढून ती मुळावायची आणि लागण त्या फुटव्याला करायची. टोमॅटोचा फुटवा आठ-दहा दिवसांत मुळे धरतो, तोवर मूळ झाड निरोगी वाढत राहते. जनुक अप्रभावी (दोन्ही प्रती असल्या तरच गुण दिसणारे) असेल तर मात्र बॅकक्रॉसच्या पिढीत ते दिसतच नाही. अशा वेळी प्रत्येक बॅकक्रॉसनंतर एक स्वपरागणाची पिढी घेऊन त्यात चाचणी करावी लागते, किंवा मार्कर (जनुकाशेजारची, डीएनए चाचणीत ओळखता येणारी खूण) वापरावा लागतो.

मार्कर असेल तर, आणि असूनही

मार्करने रोपाच्या पानाच्या तुकड्यातून जनुक आहे की नाही ते लागणीशिवाय कळते. पण मार्कर म्हणजे जनुक नव्हे, त्याचा शेजारी. तो ५ सेंटिमॉर्गन (गुणसूत्रावरच्या जनुकीय अंतराचे एकक) दूर असेल तर प्रत्येक पिढीत सुमारे ५ टक्के वेळा दोघांची ताटातूट होते. चार पिढ्या फक्त मार्करवर विसंबलात तर सुमारे १९ टक्के ओळींत (एकेका झाडापासून चालत आलेल्या वंशांत) जनुक निसटलेले असेल आणि मार्कर मात्र 'आहे' म्हणत राहील. जनुकाच्या दोन्ही बाजूंना एकेक मार्कर ठेवा, आणि दुसऱ्या बॅकक्रॉसला व शेवटी प्रत्यक्ष लागण कराच.

मार्करचा खरा उपयोग जनुकाला चिकटून येणारा लांबलचक तुकडा कापण्यात आहे. नुसत्या बॅकक्रॉसने तो सहज सुटत नाही. विषाणूविरुद्धच्या टीएम-२ जनुकावर १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ११ बॅकक्रॉस करून काढलेल्या एका टोमॅटो वाणात गुणसूत्राची अख्खी आखूड भुजा रानटीच राहिलेली आढळली. आय-३ सोबत येणाऱ्या रानटी तुकड्यामुळे फळ लहान होण्याचा आणि जिवाणूजन्य ठिपक्यांचा त्रास वाढण्याचा अनुभव नोंदलेला आहे. म्हणून पहिल्या पिढीत जनुकाच्या एका बाजूला रानटी तुकडा तुटला आहे असे रोप शोधा, पुढच्या पिढीत दुसऱ्या बाजूला तुटला आहे असे. एकाच पिढीत दोन्ही बाजू मागितल्या तर शेकडो रोपे तपासूनही हात रिकामा राहू शकतो.

जोडी शुद्ध करणे

शेवटच्या बॅकक्रॉसमधील प्रतिकारक झाडात जनुकाची एकच प्रत असते. ते स्वपरागणाने वाढवा, वाचलेल्या प्रत्येक झाडाचे बी वेगळे ठेवा आणि प्रत्येकाची २० संततीरोपे तपासा. एकही मेले नाही तर ते झाड शुद्ध जोडीचे (जनुकाच्या दोन्ही प्रती असलेले) धरा; एकेरी प्रतीच्या झाडाची सलग २० रोपे वाचण्याची शक्यता ०.३ टक्के असते. पाच-सहाच रोपांवर निर्णय घेतला तर मात्र फसगत ठरलेली, आणि ती कळते बियाणे वाढवून झाल्यावर.

एकाच जनुकावर विसंबू नये

टोमॅटोतली मर रोगाची कहाणी क्रमाने हेच सांगते: आय जनुक पसरले आणि रेस २ पुढे आली, आय-२ पसरले आणि रेस ३ आली. गव्हात राय या गव्हासारख्या धान्यातून आणलेले, तांबेऱ्याविरुद्धचे एसआर-३१ जनुक जगभर पसरले होते. युगांडात १९९८ मध्ये सापडलेल्या आणि यूजी-९९ नावाने ओळखल्या गेलेल्या तांबेऱ्याने ते ओलांडले. अमेरिकेत १९७० मध्ये मक्यावर करप्याची जी साथ आली तिचे मूळ बहुतेक संकरित मक्यात असलेल्या एकाच प्रकारच्या पेशीद्रवात होते. उलट गव्हातले तांबेऱ्याविरुद्धचे एलआर-३४ आणि बार्लीतले भुरीविरुद्धचे अप्रभावी एमएलओ ही जनुके कित्येक दशके टिकून आहेत.

म्हणून शक्य तिथे आय, आय-२ आणि आय-३ एकाच वाणात आणा. आय-३ सातव्या गुणसूत्रावर आहे, बाकीची दोन अकराव्याच्या वेगवेगळ्या भुजांवर. प्रत्येक जनुक मूळ वाणात आधी वेगळे उतरवा आणि मग ते वाण आपसात संकरित करा. सगळे एकदम ओढत आणले तर प्रत्येक पिढीत रोपांची संख्या झेपत नाही. तिन्ही स्वतंत्रपणे विभागली जातात असे धरले तर दुसऱ्या पिढीत तिन्हींची शुद्ध जोडी ६४ रोपांत एकाला मिळते, आणि असे एक तरी रोप हाती येण्याच्या ९५ टक्के खात्रीसाठी १९१ रोपे लागतात. इथे मार्कर चैन राहत नाही, गरज होते. आय-३ असलेले रोप तिन्ही रेसना तोंड देते, त्यामुळे त्याच्याआड आय आणि आय-२ आहेत की नाहीत हे लागणीने कळतच नाही. संकरित वाण विकायचा असेल तर जनुके प्रभावी असल्याने काही एका पालकात आणि काही दुसऱ्यात ठेवून काम हलके होते.

अनेक लहान जनुकांचा प्रतिकार

काही रोगांना ठोस जनुक सापडतच नाही. तिथे मधल्या गुणांची झाडे फेकू नका. दोन मध्यम प्रतिकारक वाणांच्या संकरातून दोघांपेक्षा सरस संतती मिळू शकते. इथे निवड एका झाडावर न करता ओळींवर आणि अनेक ठिकाणी करायची, आणि रोग एकदाच न मोजता दर आठवड्याला मोजायचा. लागोपाठच्या दोन नोंदींची सरासरी गुणिले मधले दिवस, अशी बेरीज करत जा. एका ओळीत रोग सात-सात दिवसांनी १०, ३०, ६० टक्के होता: बेरीज १४० अधिक ३१५, म्हणजे ४५५. दुसरीत ५, १५, ६०: बेरीज ३३२.५. शेवटच्या दिवशी दोन्ही ओळी सारख्याच दिसल्या, पण दुसरीने रोग बराच काळ थोपवला. शेवटचीच नोंद घेणारा ती ओळ फेकून देतो.

शेतातली शेवटची पारख

तयार ओळी रोगट आणि रोगमुक्त अशा दोन्ही शेतांत, निदान तीन पुनरावृत्तींत आणि दोन हंगाम लावा. रोगट शेतात दर चार-पाच ओळींमागे बळी पडणाऱ्या वाणाची ओळ घाला; ती जिथे जगली तिथल्या शेजारच्या ओळींची नोंद बाद करा. रोगमुक्त शेतात मूळ वाणाशी उत्पादन, फळाचे वजन, टणकपणा आणि पिकण्याचे दिवस पडताळा. तिथे सातत्याने मागे पडणारी ओळ बहुधा दात्याचा तुकडा अजून बाळगून असते, तिला आणखी एक-दोन बॅकक्रॉस द्यावे लागतात. निवडलेल्या ओळीचे बी वाढवताना प्रत्येक पिढीतली २० रोपे लागण करून तपासत राहा, कारण परके बी मिसळले तर ते सर्वांत आधी तिथेच उघडे पडते.